डावीकडचा श्वास

गाणं शिकायला गेले त्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "तू गाताना डावीकडे का कलतेस?"

मी कलत होते हे मला ठाऊकच नव्हतं. मी सरळ उभी राहिले, पुन्हा सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा कलले. बाईंनी पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. त्या युरोपातल्या, वयाने माझ्या आईएवढ्या, तरुणपणी तिकडच्या ऑपेरांत गायलेल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बहारीनला आल्या आणि अरादच्या एका फ्लॅटमध्ये गाणं शिकवत राहिल्या. शिकवायच्या ते फक्त जुनं, राजेरजवाडे केसांचे टोप घालून ऑपेरा बघायला बसायचे त्या काळातलं. त्याला बरोक म्हणतात हे मला त्यांच्याकडेच कळलं. तोवर माझी समजूत अशी, की ऑपेरा म्हणजे एक धिप्पाड बाई काच फुटेपर्यंत ओरडते.

कलण्याचं कारण मात्र मला सांगता येत होतं. डावीकडे माझी मैत्रीण असते.

म्हणजे चर्चच्या कॉयरमध्ये. आम्ही दोघी वसईच्या, तिचं गाव आमच्या गावाला लागून, पण ओळख झाली ती बहारीनमध्ये. ती हॉस्पिटलात नर्स, मी उम्म अल हस्सममधल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. पंधरा-सोळा वर्षं शुक्रवारच्या, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाच्या, मिस्सेला आम्ही दुसऱ्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहिलो. आता कॉयरची एक लबाडी असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. एखादी ओळ इतकी लांब असते की एका श्वासात ती कुणाच्याच बापाला म्हणता यायची नाही. मग शेजारच्या दोघींनी वेगवेगळ्या जागी श्वास चोरायचा. एक थांबते तेव्हा दुसरी गात असते आणि खाली बसलेल्यांना वाटतं, काय यांचा दमसास! आमच्यात खूण ठरलेली होती. आधी ती श्वास घ्यायची, परत सुरात शिरायची आणि मला कोपर लावायची. कोपर लागलं की मी घ्यायचा. इतक्या वर्षांत ते कोपर कधी चुकलं नाही. मी त्या कोपराकडे कलत होते.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या खूप हसल्या. मग त्यांनी कोपऱ्यातला उंच दिवा उचलून माझ्या डावीकडे आणून ठेवला आणि म्हणाल्या, "ही तुझी मैत्रीण. हिला कोपर नाही. इथे डावीकडे कुणी नसतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. कारण नेमकं तेच दुखणं घेऊन मी तिथे गेले होते.

झालं होतं असं. मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी संपत आली होती. ईस्टर झाला की दोघं कायमची वसईला परतणार होती. केळीची बाग होती, म्हातारे सासरे होते, जायलाच हवं होतं. तिने मला हे त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं, आणि मी काही विचार न करता म्हणाले, "मग मीही कॉयर सोडते."

"माझ्यामागे गाणं सोडतेस म्हणजे काय?" ती कडाडली. "मी काय मेले गं?"

"तुझ्याशिवाय मला एक ओळ तरी पुरी म्हणता येते का?"

"येत नसेल तर शीक. खलास."

तिचं खलास म्हणजे खलास. तिच्या हॉस्पिटलात येणाऱ्या कुणाकडून तरी तिने या बाईंचा पत्ता काढला, शिकवणीची वेळ ठरवली आणि मला गाडीत घालून अरादला नेऊन सोडलं. वर अट घातली, की ती विमानात बसायच्या आत मी एक अख्खं गाणं एकटीने म्हटलेलं तिला ऐकायचं आहे. बाईंच्या विद्यार्थ्यांचा छोटासा कार्यक्रम ईस्टरनंतर व्हायचा होता आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिचं विमान होतं. तेव्हा माझी परीक्षा कधी आणि कुणापुढे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. जमलं तर गाणं राहणार होतं. नाही जमलं तर मी तिच्यापाठोपाठ माझी गाण्याची वहीही मिटणार होते, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

बाईंनी माझ्यासाठी जे गाणं काढलं ते वादळात सापडलेल्या होडीचं होतं. शब्द सगळे मिळून चार ओळींचे, इटालियन. मी म्हटलं, एवढंच ना? चार ओळी तर मी दवाखान्यात पेशंटची नावं लिहिता लिहिता पाठ करीन. मग बाईंनी ते वाजवून दाखवलं. 'वारा' या अर्थाच्या एका शब्दावर येऊन त्या जे सुरू झाल्या ते थांबल्याच नाहीत. त्या शब्दातला एकच स्वर धरून गळ्याने वर चढायचं, उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं, आणि तेही सुटे सुटे सूर मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती काळ्या मुंग्यांची रांग आणि त्याखाली शब्द एकच. कुठेही श्वासाची जागा नाही.

"हे माणसासाठी लिहिलंय का?" मी विचारलं.

"माणसासाठीच. पण त्या माणसाने जेवणाआधी गायचं असतं," बाई म्हणाल्या.

तिथून माझे हाल सुरू झाले. मला वाटत होतं की एवढे सूर काढायचे म्हणजे गळ्याने जोर लावायचा. बाई म्हणायच्या, गळ्याने काहीच करायचं नाही. गळा मोकळा, जीभ सैल, जबडा झोपाळू, आणि सगळं काम कमरेच्या वर, बरगड्यांच्या खाली. त्या काळी वाद्यं मऊ आवाजाची होती, त्यांच्यावर ओरडायची गरज नव्हती, म्हणून आवाज हलका हवा आणि चपळ हवा. जोर लावलास की सूर एकमेकांना चिकटतात, खिचडी होते. माझी खिचडीच होत होती. बाई माझ्या तोंडासमोर मेणबत्ती धरायच्या आणि म्हणायच्या, गा, पण ज्योत हलता कामा नये. पहिल्या दिवशी मी ती विझवली. दुसऱ्या खेपेला बाईंच्या पुढ्यातले कागद उडाले.

घरी व्यायाम दिला होता तो पाठीवर झोपून करायचा. पोटावर जड पुस्तक ठेवायचं आणि लांब 'स्स्स' करत श्वास सोडायचा, पुस्तक हळूहळू खाली यायला हवं. आमच्या घरात तेवढं जड पुस्तक बायबल, आणि ते पोटावर ठेवायला मन होईना. म्हणून मी बासमतीची पिशवी घेतली. नवरा अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात पाळीवर असतो. एका सकाळी तो दमून घरी आला, तर बायको हॉलमध्ये जमिनीवर आडवी, पोटावर तांदूळ आणि तोंडाने कुकरसारखा आवाज. तो बूट काढत म्हणाला, "शिट्ट्या किती झाल्या?"

पण त्याची झोप दिवसा, म्हणून घरात गाता येईना. दवाखान्यात प्रश्नच नव्हता. तिथे दिवसभर फोनवर सलाम अलेकुम, गुड मॉर्निंग, डॉक्टर मफी, म्हणजे नाहीत, टुमॉरो कम, हेच करून गळा शिणायचा. बाई म्हणायच्या, फोनवर हळू बोल. मी म्हणायचे, तुम्ही एकदा आमच्या पेशंटशी हळू बोलून बघा. शिवाय एसीने घसा कोरडा पडतो, धुळीचा वारा सुटला की नाक बंद होतं, पाणी इथलं असं, हवा तशी. हे सगळं मी बाईंना दर वेळी ऐकवायचे. मैत्रिणीला ऐकवलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तिने वालाचं बिरडं पाठवलं तेव्हा बोलावं लागलं.

शेवटी गायला जागा सापडली ती गाडीत. दवाखाना सुटला की मी अरादच्या किल्ल्यापाशी, पाण्याच्या कडेला गाडी लावायची, काचा बंद करायच्या आणि वादळ सुरू करायचं. तिथे संध्याकाळी फिरायला येणारे एक बहारीनी आजोबा होते. एक दिवस त्यांनी काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. पाण्याची बाटली पुढे करत ते म्हणाले, "मदाम, डोन्ट क्राय. इंशाल्ला, एव्हरीथिंग ओके."

मी सांगितलं की मी रडत नाहीये, गातेय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि बाटली तरीही दिलीच. त्यानंतर ते रोज जाता जाता हात वर करायचे. महिन्याभराने त्यांनी पुन्हा काच वाजवली आणि म्हणाले, "टुडे, बेटर." माझ्या गाण्याला मिळालेली ती पहिली दाद. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन शेवयांची खीर केली.

या गाण्यांची आणखी एक गंमत आहे. पहिला भाग गायचा, मग मधला संथ भाग, आणि मग पहिला भाग पुन्हा. पण तो पुन्हा तसाच गायचा नाही. दुसऱ्या वेळी गाणाऱ्याने आपल्या मनाने त्यात भर घालायची, नक्षी काढायची. कुठली, ते कागदावर नसतं. मला वाटलं बाई सांगतील. बाई म्हणाल्या, "माझी नक्षी माझ्या आवाजाची. तुझी तू आण."

मी कुठून आणू? कॉयरमध्ये कागदावर नसलेला एक सूर जास्त घेतला तर सगळी रांग वळून बघते. आठवडाभर मला काही सुचेना. मग एकदा मैत्रिणीकडे सामान बांधायला गेले होते. ती वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती आणि गुणगुणत होती. आमच्याकडे लग्नात बायका म्हणतात त्यातलंच काहीतरी. त्या गाण्यांत ओळ संपता संपता बायका आवाज हळूच खाली सोडतात, मग अर्ध्यातून परत वर उचलतात. लाडिक असं काहीतरी ते असतं.

"परत म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. शेवटचं."

तिने म्हटलं, मी म्हटलं, तिने दुरुस्त केलं. तिच्या स्वयंपाकघरात, खोक्यांच्या मधोमध, माझ्या इटालियन होडीला आमच्या लग्नघरातलं वळण मिळालं. दुसऱ्या दिवशी बाईंपुढे मी ते भीत भीत टाकलं. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही, नुसत्या भुवया वर केल्या आणि शेवटी विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, लग्नातलं. त्या म्हणाल्या, राहू दे.

नक्षी जमली, मधला भाग जमला, ज्योतही हलायची थांबली. तो 'वारा' तेवढा जमेना. निम्म्याला पोचले की माझी डावी बरगडी आपोआप कोपराची वाट बघायची, मी कलायचे, श्वास घ्यायचे आणि रांग तुटायची. श्वास संपायचा असंही नाही. बाईंनी एकदा मला तिथेच हाताने थांबवून उरलेला श्वास सोडायला लावला. तो बराच वेळ सुटत राहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "तुला हवा कमी पडत नाही. तुला परवानगी लागते."

मग त्यांनी आपलं आवडतं वाक्य ऐकवलं. कुणीतरी गमतीचं काही बोलणार आहे, तुला हसू येणार आहे पण अजून आलेलं नाही, त्या वेळी बरगड्या जशा उघडतात तशा उघड्या ठेव आणि गा. हे त्या महिनोन्महिने सांगत होत्या. पण हसायला सांगितलं की कुणाला हसू येतं? मी दात दाखवायचे आणि बाई मान हलवायच्या. कार्यक्रमाच्या आधीच्या तालमीला त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पहिल्या वेळी जमलं नाही, तर दुसऱ्या वेळी मी ती जागा गाळून पुढे जाईन. तुला तसं नको असेल तर मान हलव." त्यांचा हेतू चांगला होता, पण गाडीत बसल्यावर मला खूप रडू आलं. ते आजोबा त्या दिवशी नेमके आले नाहीत.

कार्यक्रम एका छोट्या हॉलमध्ये होता, संध्याकाळी. बाईंचे आठ-दहा विद्यार्थी आणि त्यांचे घरचे. नवऱ्याने पाळी बदलून घेतली होती आणि इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसला होता. मैत्रीण पहिल्या रांगेत, डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर. ती खुर्ची तिने मुद्दाम धरली होती. दुसऱ्या एका बाईंनी तिथे पर्स ठेवली होती ती तिने उचलून पलीकडे ठेवताना मी पाहिली.

पहिला भाग सुरू झाला. वारा आला. मी निम्म्याला पोचले, डावीकडे कलले आणि श्वास घेतला. लोकांना कळलं नसेल, पण बाईंना कळलं, मला कळलं आणि पहिल्या रांगेत डावीकडे कळलं. मधल्या संथ भागात मी काय गायले मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष पुढे येणाऱ्या त्या जागेकडे होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाळू का, असं विचारत होत्या. मी नको म्हणून मान हलवली. होईल ते होवो, असं स्वतःलाच म्हटलं.

पहिला भाग परत आला. लग्नघरातलं वळण मी टाकलं, ते बरं बसलं. वारा सुरू झाला. आणि माझी नजर, नको नको म्हणताना, डावीकडे गेली.

मैत्रीण खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. तोंड अर्धवट उघडं, खांदे वर, छाती भरलेली. मी तो पवित्रा इतकी वर्षं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला होता. तिने श्वास घेऊन ठेवला होता. मी थांबले असते तर ती गाणार होती. भर कार्यक्रमात, पहिल्या रांगेत बसून, इटालियनचा एक शब्द येत नसताना, ती बया माझी ओळ उचलणार होती, आणि वर कोपरही मारलं असतं शेजारच्या पर्सवाल्या बाईला.

मला हसू येणार होतं, पण अजून आलं नव्हतं.

बरगड्या उघडल्या. मी काही केलं नाही, त्या उघडल्या. नेहमीची जागा आली, गेली, आणि मी गातच होते. सूर एकेक सुटा पडत होता. ओळ शेवटपर्यंत गेली आणि त्यानंतरही माझ्याकडे थोडी हवा शिल्लक होती. शेवटचा सूर थांबला, हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून मोठ्ठा "हुश्श!" ऐकू आला. तिने माझ्याबरोबर सगळा वेळ श्वास धरून ठेवला होता. लोक आधी हसले आणि मग टाळ्या वाजल्या. बाई पियानोवर वाकून हसत होत्या.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. वाटलं, मिठी मारेल. ती माझ्यावर चिडलेली होती.

"मी तयार होते गं," ती म्हणाली. "मी भरून बसले होते. तू घेतलाच नाहीस."

"तू घेतला होतास ना," मी म्हटलं.

यावर ती रडायला लागली आणि मीही. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन जरा लांब उभा राहिला आणि बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यल्ला, जेवायला चला. आज कुणीच शिट्ट्या करू नका."

पुढच्या आठवड्यात ती गेली. आता तिकडच्या कॉयरमध्ये उभी राहते. फोनवर तक्रार करते की शेजारीण नवशिकी आहे, दोघी एकदमच थांबतात आणि ओळीला भोक पडतं. मी म्हटलं, कोपर मार. ती म्हणाली, मारते, तर ती सॉरी म्हणून बाजूला सरकते.

ती गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी मिस्सेला गेले. जावं की नाही हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, हे चर्चच्या पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या रांगेत माझ्या डावीकडची जागा रिकामी होती. कुणी तिथे यायला धजत नव्हतं. लांब ओळीचं गाणं आलं. कलले नाही असं मी म्हणणार नाही. कलले. कोपर लागलं नाही. मी तशीच, वाकडी उभी राहून, ओळ शेवटपर्यंत नेली.